मनीषनगरात डबा शोधताना : सभ्य खेळाडूंसाठी मार्गदर्शिका

जिओकॅशिंग खेळण्याचा निर्धार करून नागपूरच्या मनीषनगरात उतरलेल्या, सज्ञान आणि शक्यतो विमा उतरवलेल्या व्यक्तींसाठी ही मार्गदर्शिका आहे. इतरांनी वाचली तरी हरकत नाही. फक्त वाचून झाल्यावर डबा कुठे आहे ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नये.

खेळ सोपा आहे. कोणीतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि बाकीचे जीपीएस घेऊन तो हुडकत येतात. डब्यात एक छोटी वही असते. तीत नाव-तारीख लिहायची, डबा होता तसा ठेवायचा, घरी जाऊन ऑनलाइन नोंद करायची. बक्षीस नाही, मानधन नाही, आणि दुपारी दोनच्या उन्हात बाहेर का पडलात, याचं घरच्यांना पटेल असं उत्तरही नाही.

परंपरेविषयी थोडं. २ मे २००० रोजी अमेरिकी सरकारनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. शंभर मीटरपर्यंत भरकटणारं यंत्र एका रात्रीत दहा-पंधरा मीटरांवर आलं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर या गृहस्थानं ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक बादली अर्धवट पुरली आणि तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर टाकला. बादलीत पुस्तकं, सॉफ्टवेअर, गलोल वगैरे ऐवज होता आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक डबाही. माइक टीग यांनी ती तीन दिवसांत शोधली. आजच्या नियमांप्रमाणे डबा जमिनीत पुरायचा नाही आणि त्यात खाण्याची वस्तू ठेवायची नाही. म्हणजे पहिल्याच डब्यानं दोन कलमं मोडली होती. नियम नंतर आले म्हणून तो वाचला. आपल्याकडच्या कित्येक इमारती अशाच वाचल्या आहेत.

आकडे वाचणे

या खेळात अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत देतात. मिनिटाच्या दशांश चिन्हापुढचा तिसरा आकडा एकानं चुकला, तर उत्तर-दक्षिण जेमतेम पावणेदोन-दोन मीटरचा फरक पडतो. एवढं चालतं. पण मनीषनगरातलं २१ अंश ५.७ मिनिटं हे ठिकाण फोनमध्ये २१.०५७ असं टाकणारे बहाद्दर आहेत. रेखांशाचीही तीच गत केली की माणूस पाचेक किलोमीटर नैर्ऋत्येला, मिहानच्या बाजूला, कोण्या कंपनीच्या कुंपणाशी डबा शोधत उभा राहतो. तिथल्या सुरक्षारक्षकाशी होणारा संवाद या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे.

मगल आणि त्यांचे प्रकार

खेळ न जाणणाऱ्या माणसाला खेळाडूंच्या बोलीत 'मगल' म्हणतात. शब्द हॅरी पॉटरच्या गोष्टींतून उचललेला आहे. मगलच्या नजरेसमोर डबा काढायचा नाही, हा शिष्टाचाराचा पहिला नियम. हा नियम ज्यांनी केला ते अरण्यात खेळत होते. तिथे मगल म्हणजे तासाभरातून कुत्रं फिरवत जाणारा एखादा म्हातारा. मनीषनगरात मगल नाही अशी वेळ कोणती, हे आजवर कोणाला नोंदवता आलेलं नाही.

पहाटे पाचला फिरायला निघालेले निवृत्त काका असतात. सहाला दूधवाला, सातला शाळेच्या ऑटोची वाट पाहणाऱ्या आया. दिवसभर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक काकू असतातच. त्या वाळवणाकडे पाहत असल्यासारख्या दिसतात, पण त्यांच्या नजरेतून लेआउटमधली स्कूटीसुद्धा सुटत नाही. संध्याकाळी पानठेल्यावरचं मंडळ. रात्री चौकीदार, आणि चौकीदार झोपल्यावर कुत्री. कुत्र्यांना मगल म्हणावं की खेळाडू, याबद्दल मतभेद आहेत, कारण ती वास घेऊन थेट डब्यापर्यंत जातात.

तुम्ही एका कुंपणाशी दुसऱ्यांदा वाकलात की प्रश्न येणारच : "काय पाहून राहिले जी?" उत्तर आधी ठरवून ठेवावं.

"काही नाही" हे सर्वांत वाईट उत्तर. काही नसताना कोणी वाकत नाही, हे सगळ्या लेआउटला माहीत असतं.

"चाबी पडली" हे नवख्यांचं आवडतं उत्तर आणि त्यांचा सर्वनाशही त्यातच आहे. मनीषनगरातली माणसं मदतीला कमी नाहीत. पाच मिनिटांत चारजण तुमच्याबरोबर वाकलेले असतील, एकजण फोनची बत्ती दाखवत असेल, एक पोरगं पाइपात हात घालत असेल, आणि डबा त्यालाच सापडेल. मग तो डबा उघडला जाईल, वहीतल्या परक्या नावांचं जाहीर वाचन होईल आणि तुमच्या चाबीबद्दल कोणीही विचारणार नाही.

परदेशी जाणकार अंगात चमकतं जाकीट आणि हातात पॅड असा वेश सुचवतात. असा माणूस काहीतरी कामाचाच असणार म्हणून लोक दुर्लक्ष करतात, असा त्यांचा अनुभव. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. चमकतं जाकीट दिसलं की गडर लाइन कधी टाकणार, रोड कधी होणार, नळाला पाणी केव्हा येणार, या तक्रारी घेऊन सगळा लेआउट गोळा होतो. शिवाय सरकारी माणूस असल्याची बतावणी हा गुन्हा आहे, आणि तुम्ही तर गडर लाइनचं आश्वासनही देऊन बसलेले असता.

राहिलं खरं उत्तर. "काकू, एक खेळ आहे. उपग्रहावरून जागा शोधायची, तिथे डबी असते, तिच्यात सही करायची." यावर काकू म्हणतील, "अन् मग?" तुम्ही म्हणाल, "मग काही नाही." त्या क्षणभर तुमच्याकडे बघतील, चेहऱ्यावर कीव येईल आणि त्या आत जातील. गुप्ततेचा याहून भक्कम बंदोबस्त मला माहीत नाही. खोटं बोलणाऱ्यामागे लोक लागतात. बिनफायद्याचं खरं बोलणाऱ्याचा नाद सगळे सोडून देतात.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नये. रेल्वेस्थानकावरच्या बेवारस वस्तूंच्या घोषणा ऐकत आपण सगळे मोठे झालो आहोत. टेप गुंडाळलेली काळी डबी इथे कोणालाही खेळ वाटणार नाही. जुलै २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात एका कॅफेबाहेर ठेवलेला असाच डबा बॉम्बशोधक पथकानं उडवून दिला होता. म्हणून डबा पारदर्शक असावा, बाहेर ठळक मराठीत खेळाचं नाव असावं, आणि विमानतळाच्या कुंपणाकडे, मेट्रोच्या खांबांकडे नि शाळांच्या भिंतींकडे फिरकू नये. रेल्वेमार्गाच्या हद्दीत शिरलात तर रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४७ आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कोर्टात वही दाखवून उपयोग नाही.

लपवणाऱ्यासाठी

जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी. मोकळ्या प्लॉटचा मालक पुण्यात, त्याचा भाऊ अमेरिकेत आणि सातबारा तिसऱ्याच्या नावावर असेल, तर दुसरा प्लॉट शोधावा. झाडाला खिळा ठोकू नये. विजेच्या डीपीला चुंबकाची डबी चिकटवणं हा हुशारीचा नमुना नाही; तिथे शोधणाऱ्याचा हात जाणार आहे. गाजरगवतात डबा टाकून "निसर्गरम्य परिसर" असं वर्णन केल्यास पुढच्या आठ दिवसांच्या खाजेची जबाबदारी लपवणाऱ्याची. नवतपाच्या उन्हात प्लॅस्टिक वाकतं आणि जुलैत वहीचा लगदा होतो, तेव्हा दोन्ही ऋतूंत स्वतः जाऊन बघून यावं. डबा लपवून विसरणारे लोक या छंदात फार आहेत.

दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा हिस्सा, अंतर हवं. मनीषनगरात एवढ्या अंतरात तीन कोचिंग क्लास, दोन पोळी-भाजी केंद्रं आणि एक गणपतीचा मांडव सहज मावतो. त्यांना हा नियम लागू नाही.

प्रत्येक डब्याला दोन श्रेण्या द्याव्या लागतात, एक ते पाच. एक श्रेणी शोधण्याच्या अवघडपणाची, दुसरी वाटेची. वाटेला एक म्हणजे चाकाच्या खुर्चीवरून सहज जाता येईल असा सपाट रस्ता. फुटपाथवर उभी वाहनं, मधेच उघडं चेंबर आणि पुढे वाळूचा ढीग असताना ही श्रेणी प्रामाणिकपणे देता येईल अशी जागा मला इथे दिसत नाही. वाटेला पाच म्हणजे होडी, दोर अशी खास साधनं लागतात. रेल्वे लाइनखालचा भुयारी रस्ता मार्चमध्ये दीड श्रेणीचा असतो; आषाढात मोठी सर आली की तिथे पाच लिहावं, आणि ती अतिशयोक्ती ठरत नाही.

काय घ्यावं, काय ठेवावं

मोठ्या डब्यात वहीबरोबर छोट्या वस्तूही असतात. त्यांना 'स्वॅग' म्हणतात. एखादी घ्यायची असेल तर तेवढ्याच मोलाची किंवा त्याहून चांगली ठेवावी. हा नियम वाचून परदेशात लोक पानंपानं चर्चा करतात. आपल्याला तो शिकवावा लागू नये. शेजारून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर घालून द्यायचा, हे ज्या घरांत पाळलं जातं तिथला माणूस खेळण्यातली गाडी उचलून मेट्रोचं जुनं तिकीट ठेवतो, तेव्हा आश्चर्य वाटतं.

खाण्याचं ठेवू नये. संत्रा बर्फी तर नाहीच. मुंग्यांना अक्षांश-रेखांश लागत नाहीत. तंबाखू, दारू, काडेपेटी, चाकू मना. खर्रा हा तंबाखूतच येतो. "तो तर फक्त सुपारी आहे" हा युक्तिवाद ऐकला जाणार नाही. उलट २००२ पासून या खेळात एक सुंदर प्रथा आहे : डबा शोधायला जाताना वाटेतला कचरा उचलून आणायचा. मनीषनगरात ती पाळायची असेल तर खर्ऱ्याच्या पन्न्यांसाठी वेगळी पिशवी न्यावी. मोठी न्यावी.

डब्यात कधी नंबर कोरलेली धातूची चकती सापडते. ती 'ट्रॅव्हल बग'. तिला डब्याडब्यांतून प्रवास करायचा असतो, म्हणून घेतल्यावर लवकर पुढच्या डब्यात सोडावी. ती स्कूटीच्या चाबीला छान दिसते, हे खरं आहे. तरीही.

नोंद

नोंदीत संक्षेप फार. 'टीएफटीसी' म्हणजे डब्याबद्दल आभार. 'एफटीएफ' म्हणजे सर्वांत आधी मला सापडला. 'डीएनएफ' म्हणजे सापडला नाही. पहिल्या संक्षेपानं लपवणाऱ्याचं समाधान होत नाही. त्यानं उन्हात जागा हेरली, परवानगी काढली, तुम्ही चार अक्षरं फेकता. दोन वाक्यं लिहायला काय जातं!

एफटीएफसाठी लोक रात्री बाराला अलार्म लावून उठतात. हा मान कोणी अधिकृतपणे देत नाही, त्याची कुठे गणती होत नाही, आणि नेमकी म्हणूनच त्यावरून भांडणं होतात. दोघं एकदम पोचले तर दोघांनी वाटून घ्यावा. लपवणाऱ्याच्या मेव्हण्यानं मागू नये.

अप्रामाणिकपणाचे तीन प्रकार विशेष आढळतात. घरी सोफ्यावर बसून "सापडला" लिहिणं. मित्राकडून वहीत आपलं नाव घुसडून घेणं. आणि तिसरा, जो स्वतःला परोपकार म्हणवतो : डबा सापडला नाही, तेव्हा तो हरवलाच असणार असं मानून खिशातली डबी तिथे ठेवायची, तीत सही करायची आणि सापडल्याची नोंद करायची. मग मूळ डबा तीन फुटांवर निघतो, आणि लपवणाऱ्याला दोन डब्यांचा संसार सांभाळावा लागतो.

माझ्या मते सर्वांत खानदानी नोंद डीएनएफची. लाज वाटते म्हणून लोक ती टाळतात, आणि नागपूरकराला तर पत्ता माहीत नसतानासुद्धा "सीधे जा, मग लेफ्ट" सांगायची सवय. पण लपवणाऱ्याला डबा गायब झाल्याचा सुगावा त्या नोंदींवरूनच लागतो. संकोच वाटलाच तर विल्यम लॅम्ब्टन आठवावा. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा आखून या माणसानं भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, वीस वर्षं तो कोन मोजत राहिला, आणि हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. देशाचे अक्षांश-रेखांश मोजणाऱ्यालाही नागपूर गाठता आलं नाही. तुमची डबी म्हणजे काय!

एक प्रलंबित प्रकरण

समजा, तुम्ही सांगितलेलं खरं ऐकून आत गेलेल्या काकू परत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ते पाइपातली डबी का? ते तर मी सोमवारीच काढली. ओली झाली होती, धुऊन वाळवून ठेवली." आणि वहीसकट डबी तुमच्या हातात दिली. आता निवाडा काय?

वहीत सही झाली की सापडला, असा नियम आहे; तेव्हा तुमची नोंद वैध. पण डबी जागेवरून हलवणं हा दोष आहे. तो काकूंकडे जात नाही, कारण त्या खेळात नव्हत्या. डबी वहीसकट मूळ पाइपात ठेवण्याचं काम तुमचं. आणि वहीचं पहिलं पान कोरं असेल, तर एफटीएफ काकूंचा. त्यांना वही द्यावी, पेन द्यावं, चष्मा आणायला वेळ द्यावा. त्या नावापुढे फ्लॅट नंबर आणि यजमानांचं नावही लिहितील. लिहू द्यावं. दुसऱ्या ओळीवर सही करताना तुमचा चेहरा पडला, तर त्या चहा घ्यायला आत बोलावतील. तोवर पाइपाजवळ कोण घुटमळतंय यावर खिडकीतून लक्ष ठेवायला त्या विसरणार नाहीत, एवढी खात्री बाळगावी.