बुधलेवाले काका

मौजे खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही या गावांच्या शेतजमिनीवर आज नागपूरचे जे मिहान उभे आहे, आणि जिथे विमानदुरुस्तीच्या प्रचंड शेडपासून एम्सपर्यंत सर्व काही भव्य आहे, तिथल्या गृहसंकुलांतून चिरंजीवांच्या संगणकी नोकरीनिमित्त वास्तव्यास आलेले सेवानिवृत्त वडील हा एक स्वतंत्र वर्गच होऊन बसला आहे. यांतील काही गच्चीवर वांगी लावतात, काही सोसायटीच्या सचिवास सविस्तर पत्रे लिहितात. आणि क्वचित एखादा, आयुष्यात सुपारीच्या खांडाचेही व्यसन न जडलेला, घरच्या घरी संत्र्याची वाइन सिद्ध करण्याचा संकल्प सोडतो. संकुलातील पोरेटोरे त्यांना बुधलेवाले काका म्हणतात.

या संकल्पाचे मूळ रसनेत नसून प्रादेशिक अस्मितेत असते. नाशिककरांनी द्राक्षाची वाइन करून देशभर नाव मिळवले. मग २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या नागपुरी संत्र्याने रस्त्याच्या कडेला ढिगाने पडून राहावे, हे काकांना साहवत नाही. दांडेकर समितीने १९८४ साली विदर्भाचा अनुशेष मोजला खरा, परंतु त्यात हा एक रकाना भरावयाचा राहून गेला, असे त्यांचे ठाम प्रतिपादन असते, आणि ते खोडून काढण्याइतका वेळ मिहानात कोणालाच नसतो.

संकल्पानंतर काका प्रथम संत्री आणत नाहीत, बुधले आणतात. इतवारीतल्या एखाद्या कबाड्याकडे वर्षानुवर्षे धूळ खात पडलेले वीस-वीस लिटरचे हिरवट काचेचे बुधले, मान अरुंद आणि पोट विशाल, असे रिक्षातून मांडीवर घेऊन येतात. आणि मग सुरू होतो पूर्वेतिहासाचा तपास. आत अॅसिड होते, सरबताचा अर्क होता की बॅटरीचे पाणी? काका तोंडाशी नाक नेऊन एकेका बुधल्याची जबानी घेतात, आणि ज्याचे बयान संशयास्पद वाटेल त्याची त्याच रिक्षातून परत रवानगी होते. याबाबतीत मात्र त्यांची दक्षता रास्तच आहे. पूर्वी काय भरले होते ते ठाऊक नसलेल्या भांड्यातून काही पिऊ नये.

उरलेल्यांचे प्रक्षालन हा एक विधी असतो. आदल्या रात्री कोमट पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून बुधले काठोकाठ भरायचे. उकळते पाणी गार काचेत कदापि ओतायचे नाही, कारण जुनी काच आतून तापली आणि बाहेरून गार राहिली की एका टणत्कारासरशी तडकते. मेच्या उन्हात तापलेला बुधला थेट नळाखाली धरायचा नाही. भरलेला बुधला मानेने उचलायचा नाही, आणि ओला तर पोटाखाली हात घातल्याखेरीज मुळीच नाही. सकाळी गाळ सुटतो, पोट निर्मळ होते. परंतु मान जिथे संपते आणि खांदा जिथे सुरू होतो, त्या वळणावर कोण्या काळच्या किण्वनाने सोडलेले तपकिरी कडे तसेच राहते. हात तिथे जात नाही, वाकवलेला ब्रश तिथे जाऊन नुसता गुदगुल्या करून परततो. मग काका मूठभर तांदूळ आणि थोडे पाणी आत टाकून, बुधला आडवा कवेत घेऊन, तान्ह्या मुलास जोजवावे तसे हेलकावे देत राहतात, आणि आतून येणारा खळखळाट तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जातो.

तांदळावरून घरात तकरार होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांनी निवडून निवडून सिद्ध केलेला एचएमटी तांदूळ काका बुधल्यात टाकतात, तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘‘कणी घ्या न जी! जेवाचे तांदूळ काहून नासवता?’’ मुद्दा शास्त्रशुद्धही आहे. एचएमटीचा दाणा बारीक आणि गुळगुळीत, कणीला तुटलेल्या कडा असतात, त्या घासतात. वर, ‘‘आमच्या लोणच्याच्या बरणीले हिंगाची धुरी देली का झालं. तुमचं काय वर्षभर चालते!’’ असा शेराही मिळतो.

वर्षभर चालते हे खरे, आणि त्याला कारण आहे. काका शासकीय सेवेत हयात घालवलेले. त्यांनी १९४९ चा दारूबंदी अधिनियम मुळातून वाचलेला असतो. त्याच्या ६५व्या कलमान्वये विनापरवाना मादक पदार्थ बनवणे हा तर अपराध आहेच, परंतु तो बनवण्याच्या उद्देशाने नुसती भांडी बाळगणे हाही अपराधच आहे. म्हणजे रिकामा बुधला निर्दोष की मुद्देमाल, हे बुधल्यावर नव्हे, काकांच्या अंतःकरणावर अवलंबून! तेव्हापासून त्यांनी आपला उद्देश बदलून शिरका असा जाहीर केला. परंतु शेजारच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेने समजावले, की फळरसातील शर्करेचा आधी यीस्टमुळे मद्यार्क होतो आणि नंतरच हवेतले जिवाणू त्याचे आम्ल करतात. रसापासून शिरक्यापर्यंतच्या मार्गात वाइन हा मुक्काम चुकवता येत नाही. हा मुक्काम कायद्याच्या दृष्टीने किती वेळाचा समजावा, यावर परिपूर्ण अभिप्राय होईपर्यंत भरणी तहकूब झाली, आणि धुलाई तेवढी चालू राहिली. आंबिया बहार येतो नि जातो, मृग बहार येतो नि जातो. ‘‘अजून आतून स्वच्छ कुठं झालाय?’’ असे म्हणून काका मोबाइलचा दिवा बुधल्यात पाडतात.

पण एक बुधला झाला. खांद्यावरचे कडे नाहीसे झाले, काच नितळली, आणि सूनबाईंनी त्याच संध्याकाळी त्यात मनीप्लँट लावून तो दिवाणखान्यात मांडला. काका चार दिवस अबोल होते. मात्र बोअरचे पाणी जड. पंधरवड्यातच पाण्याच्या पातळीला क्षाराची पांढरी रेघ उमटली. काकांनी चष्मा पुसून ती पाहिली, मुलाला सायट्रिक अॅसिड आणण्याचा हुकूम सोडला, आणि वेलाची हंगामी सोय पितळी तांब्यात करून, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून, बुधल्यासह मोरीत प्रवेश केला.