डेडस्टॉकमधलं किट जिवंत करा: नवशिक्यांसाठी

तुम्ही ८०८५ चं जुनं ट्रेनर किट विकत घेतलंय आणि त्यासोबत एक कार्ड आलंय, ज्यावर कंपनीचं नाव, मॉडेल नंबर, काहीही नाही. अभिनंदन! किटच्या लाकडी पेटीवर पांढऱ्या ऑइलपेंटने कुठल्याशा पॉलिटेक्निकचा डेडस्टॉक नंबर टाकलेला आहे, तो खरवडू नका. वस्तू अस्सल असल्याचा एवढाच दाखला तुमच्याकडे आहे. इंजिनिअरिंगला असताना अशाच किटवर तुम्ही जर्नलमधले आकडे मुकाट्याने टाइप केले होते आणि एक्स्टर्नलने ‘हे कशासाठी?’ विचारल्यावर छताच्या पंख्याकडे पाहिलं होतं. आता कोणी विचारणार नाही. निवांत चुका.

१. खरेदी. ही पायरी तुम्ही उरकलीय, पण पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवा. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. ‘चालू आहे का?’ असं विचारायचं असतं. उत्तर ‘एकदम चालू’ असं येतं, म्हणजे विक्रेत्याच्या हाती आल्यापासून ते कोणी बंद केलेलं नाही. सोबतचं कार्ड याच किटचं आहे याला पुरावा एकच: दोन्ही एका सुतळीने बांधलेली होती. एवढ्याशा पुराव्यावर लोकांनी अख्खी राजघराणी उभी केली आहेत, तुम्ही संकोचू नका.

२. वय ठरवा. चिपवर चार आकडी डेटकोड असतो, आधी वर्ष, मग आठवडा. ८४३२ म्हणजे १९८४ चा बत्तिसावा आठवडा. नवशिक्याने इथे सावध राहावं, कारण चिपचे नंबरही चारच आकडी असतात. ७४३२ हे साधं ऑर गेट आहे. ‘माझ्याकडे १९७४ सालचं किट आहे’ असं जाहीर केलंत तर कोणीतरी आठवण करून देईल की इंटेलने ८०८५ आणला तोच १९७६ मध्ये. आणि ८२५५ वाचून तुम्ही १९८२ चा पंचावन्नावा आठवडा काढला असेल, तर थोडी विश्रांती घ्या.

३. साफसफाई. रॅममधला मजकूर टिकावा म्हणून काही किटांवर निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी लावलेली असते. मजकूर केव्हाच गेलाय, बॅटरी मात्र टिकलीय, आणि इतक्या वर्षांत तिने आसपासचे तांब्याचे ट्रॅक हिरवे करून खाल्लेत. गळलेला द्राव अल्कली असतो, त्यामुळे तो आधी व्हिनेगरने मारायचा आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुवायचा. व्हिनेगर स्वयंपाकघरातलं वापरा, बाटली परत जागेवर ठेवा आणि विषय काढू नका.

४. वीज द्या. कनेक्टरमधून पाच वायरी बाहेर येतात, पाचही एकाच रंगाच्या. प्रयोगशाळेतल्या कोणाला तरी त्यांचा क्रम पाठ होता. तो मनुष्य आता निवृत्त आहे. भित्रे लोक मल्टिमीटर घेऊन प्रोसेसरची चाळिसावी पिन शोधतात. तिथे पाच व्होल्ट हवेत आणि विसावीवर ग्राउंड, म्हणून तिथपासून उलटे माग काढत ते कनेक्टरपर्यंत येतात. याला अर्धा तास लागतो. शूर लोक सरळ स्विच दाबतात, त्यांना तेवढाही लागत नाही. ७४ मालिकेच्या चिपा सात व्होल्टच्या पुढे जगण्याची हमी देत नाहीत आणि शेजारच्याच वायरीत बारा आहेत. धूर निघाला तर खचू नका. कुठली चिप गेली हे शोधण्याचं काम तरी वाचलं.

५. ईप्रॉम. किटची सगळी अक्कल, म्हणजे मॉनिटर प्रोग्रॅम, या काचेची खिडकी असलेल्या चिपमध्ये असते. खिडकीवर स्टिकर हवा, कारण ही चिप अतिनील किरणांनी पुसली जाते: ट्यूबलाइटखाली उघडी राहिली तर साधारण तीन वर्षांत, थेट उन्हात सुमारे आठवड्यात. तुमच्या चिपचा स्टिकर गळून पडलाय. घाबरू नका, हिशेब करा. बाजार आठवड्यातून दोनच दिवस भरतो, म्हणजे तुम्हाला साडेतीन आठवड्यांची मुदत होती. पुढचा सल्ला गंमत न करता देतो: आणखी काहीही करण्याआधी ही चिप प्रोग्रॅमरवर वाचून तिची प्रत करून ठेवा. अर्थात त्यासाठी ती सॉकेटमधून काढावी लागेल, स्क्रूड्रायव्हरने काढताना तिचे पाय वाकतील आणि सरळ करताना एक तुटेल. तुटणारा पाय नेहमी महत्त्वाचाच असतो.

६. पहिला प्रोग्रॅम. रीसेट दाबल्यावर सहा आकड्यांच्या डिस्प्लेवर काहीतरी उमटलं तर तुम्ही पुष्कळांच्या पुढे आहात. रॅम २००० या पत्त्यापासून सुरू होते असं धरू आणि तिथून हे नऊ बाइट भरा: ३ई, ०५, ०६, ०३, ८०, ३२, ५०, २०, ७६. मधलं एखादं बटण दोनदा उमटेल, ते किटचं वय आहे, तुमचं नाही. आता गो आणि २०००. डिस्प्ले विझला तर ओरडू नका, शेवटच्या ७६ ने प्रोसेसरला थांबायला सांगितलंय. रीसेट दाबून २०५० वर जा. तिथे ०८ आहे. पाच अधिक तीन आठ होतात हे तुम्ही स्वतःच्या खर्चाने सिद्ध केलंत. मोबाइलवर पडताळून पाहण्याचा मोह टाळा.

७. आता ते कार्ड. खरा छंद इथे सुरू होतो, तेव्हा घाई नको. कॉलेजांत किटाला जोडायची कार्डं बहुतेक ठरलेली असत. बारा एलईडींचा चौक दिसला तर ट्रॅफिक सिग्नल, मजल्यांचे आकडे असले तर लिफ्ट, चार मोठे ट्रान्झिस्टर असले तर स्टेपर मोटर. तुमच्या कार्डावर यातलं काही नाही. एक रिले, तुटक्या वायरींची जोडी आणि चाळीस पायांची एक चिप आहे, जिचा नंबर कोणीतरी पॉलिश पेपरने घासून टाकलाय. असं गुपित राखण्याची तेव्हा पद्धत होती. सर्किट बहुधा ज्याच्यावरून उचललं, त्यालाही ओळखू येऊ नये हा हेतू.

ओळख पटवण्याची एक रीत आहे आणि ती सांगायला मी नाखूश आहे, कारण तिला पाच मिनिटं लागतात. मीटर बीपवर ठेवा आणि त्या चिपला वीज कुठल्या पायांवर मिळते ते पाहा. ८०८५ सारख्या पुष्कळ चाळीस पायांच्या चिपांना ती कोपऱ्यात, विसाव्या आणि चाळिसाव्या पायावर मिळते. ८२५५ ला मात्र ग्राउंड सातव्यावर आणि पाच व्होल्ट सव्विसाव्यावर लागतात. तुमच्या कार्डावर बीप सात आणि सव्विसवर वाजेल. झालं. ही चिप बाहेरच्या वस्तू चालू-बंद करते, आणि कार्डावर चालू-बंद होण्यासारखी वस्तू रिले ही एकच आहे.

हे कोणालाही सांगू नका! ओळखलेल्या कार्डाला किलोचा भाव असतो, अनोळखी कार्डाला किंमत. चहाला जमलेल्या मंडळींसमोर आवाज खाली आणा आणि ‘नंबर मुद्दाम घासलेत’ एवढंच म्हणा. अणुभट्टी, रॉकेट, टेलिफोन एक्स्चेंज ही नावं ते आपणहून काढतील. तुम्ही फक्त मान हलवायची, हो किंवा नाही कळणार नाही अशा बेताने. कार्डाच्या मागे स्केचपेनने ‘ग्रुप ७, टाकीचा पंप’ असं लिहिलेलं आढळलं, तर तिसऱ्या पायरीतलं आयसोप्रोपिल उरलंच असेल.

८. चाचणी. कार्ड जोडलं की किटचा डिस्प्ले विझतो. काढलं की उजळतो. याचा अर्थ एकतर केबल उलटी आहे, किंवा कार्ड आणि किट दोघांनी एकच पत्ता स्वतःचा मानलाय. कार्डावर ७४१३८ नावाचा डीकोडर असेल, तो पत्ता ठरवतो. त्याच्या पायांवरून माग काढता येतो. तेवढा धीर नसेल तर एकूण २५६ पोर्ट आहेत, एकेकावर ८० पाठवत बसा. ८२५५ ला मिळालेला ८० म्हणजे ‘तिन्ही पोर्ट बाहेर काढ’ असा हुकूम. मधल्या काही पत्त्यांवर किटचा स्वतःचा डिस्प्ले राहतो, तिथे तो बरळू लागेल. रीसेट करा आणि पुढच्या नंबरवर जा. या कामाला गणपतीच्या सुट्या बऱ्या पडतात.

कधीतरी योग्य पत्ता लागेल, मग त्याच्या पोर्टवर ०१ पाठवा. रिले वाजेल: टक. ०० पाठवा, पुन्हा टक. यंत्र पूर्ण क्षमतेने चालू आहे. पाहुण्यांना दाखवताना तीन टकांवर थांबा. चौथ्याला कोणीतरी वाकून विचारतं, ‘याने टाकीचा पंप चालेल का हो?’