कुंडीतला सीमाप्रश्न

विकतचं पाणी अण्णांनी पचवलं. विकतच्या चपात्या, विकतचं इडलीचं पीठ, गणपतीत विकतचे मोदक, हेही काकूंच्या गुडघ्यांकडे बघून त्यांनी मान्य केलं. पण मातीची छापील पिशवी, वर हिरव्या पानाचं चित्र, मागे बारकोड आणि कोपऱ्यात किंमत, हे दिसलं की त्यांचा आवाज चढतो. "माती विकत घेतेत काय रे कोण? उद्या ऊन पिशवीत भरून देतील, तेबी घेशील?"

हे अण्णा म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटापासून तिसऱ्या गेटापर्यंत चालत जा आणि मान वर करून गच्च्या बघत जा. गेट बंद असलं तर उत्तमच, निवांत बघता येतं. रंगाचे रिकामे डबे, तळ गेलेला पिंप, नातवंडांचा आंघोळीचा टब, फुटक्या बादल्या, आणि त्यांच्यामागे बनियनवर उकिडवा बसलेला एक निवृत्त माणूस. कुणी बँकेतून सुटलेला, कुणी शाळेतून, कुणी इंडालच्या कारखान्यातून. हिंदवाडीत तो आहे, शहापुरात आहे, अनगोळात तर गल्लीला दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. सोयीसाठी सगळ्यांना अण्णा म्हणू.

अण्णांना झाडांची आवड आहे असं लोक समजतात. तसं नाही. झाड हे निमित्त. गुलाबाला कळी आली तर अण्णा एकदा बघतात, "बरी आहे" म्हणतात आणि लगेच बोट मातीत खुपसतात. ते बोट नाकाशी नेतात. पाहुणा नवखा असेल तर त्याच्याही नाकाशी नेतात. "वास बघ. पहिल्या पावसाचा येतोय का नाही?" येतो म्हणावं. नाही म्हटलं तर दुसऱ्या कुंडीचा घ्यावा लागतो.

त्यांच्या मातीच्या मिश्रणाचा पाया राजकीय आहे. बेळगावच्या दक्षिणेला खानापूर-जांबोटीकडे गेलं की जांभ्याची लाल माती लागते. ती पाणी थांबू देत नाही आणि अंमळ आंबट असते. उत्तरेला निपाणी-चिकोडीकडे काळी. ती पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते. एकटी लाल घेतली तर झाड उपाशी, एकटी काळी घेतली तर मुळं बुडतात. आता इतिहास बघा. 1967 साली महाजन आयोगानं निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यावं आणि बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवावं, असा अहवाल दिला. महाराष्ट्राला तो पटला नाही. 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. अण्णांनी आपल्या गच्चीपुरता निकाल केव्हाच लावून टाकलाय. खानापूरचे दोन भाग, निपाणीचा एक भाग, आणि दोन्हींचं विलीनीकरण बेळगावात.

निपाणीचा भाग येतो सासुरवाडीहून. बसनं. सत्तरेक किलोमीटरचा प्रवास, मांडीशी पोतं. कंडक्टर विचारतो, "इदराग एन ऐतरी?" अण्णा खरं तेच सांगतात, "मण्णु." कंडक्टरला वाटतं हा म्हातारा चेष्टा करतोय. तो पोत्याचं तोंड सोडून बघतो, हात घालतो, पार तळापर्यंत चाचपतो, आणि खरोखरच माती निघाली याचा त्याला जो राग येतो तो लगेजच्या तिकिटातून काढतो. अण्णांच्या मते ही किंमत नव्हे. हे भाडं.

नंतर मसाला. भाताचं जळकं तूस, कुजलेलं शेणखत, लिंबोळी पेंड, शेंगदाण्याची पेंड, आणि गेल्या पावसाळ्यापासून पिंपात मुरत असलेला पाचोळा. कंपोस्टाचं शास्त्र अण्णांना खरंच येतं, हे कबूल केलं पाहिजे. कर्बाचे तीस भाग असतील तर नत्राचा एक हवा. म्हणजे ओल्या भाजीच्या देठांपेक्षा वाळका पाचोळा पुष्कळ जास्त. ढीग नीट रचला की आत पंचावन्न-साठ अंशांपर्यंत तापतो, त्यात तणाचं बी मरतं. हा ताप मोजायला अण्णांनी एकदा घरातला थर्मामीटर ढिगात खुपसला. तो माणसांसाठी केलेला, बेचाळीसच्या पुढे त्याची तयारी नव्हती. तेव्हापासून नातवाला ताप आला की काकू कपाळाला हात लावून बघतात आणि ढिगाला अण्णा.

जीवामृताचं प्रकरण स्वयंपाकघरापर्यंत गेलं. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं माप आहे दोनशे लिटर पाण्याला दहा किलो शेण, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचं पीठ, गोमूत्र आणि मूठभर बांधावरची माती. अण्णांनी ते बादलीला बसवलं. तेव्हापासून भज्यांचा बेत ठरला की काकू आधी गच्चीवर ओरडतात, "अहो, बेसन डब्यात आहे का बादलीत?"

गुरू मात्र अण्णांनी दुसरे निवडलेत. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर. गणिताचे हे प्राध्यापक पुढं मातीत उतरले आणि त्यांनी प्रयोग परिवार उभा केला. शेतकऱ्यानं स्वतः प्रयोग करावा, नोंद ठेवावी आणि जमलेलं दुसऱ्याला सांगावं, असा त्याचा रिवाज. अण्णांनी यातला शेवटचा भाग मनावर घेतला.

तो भाग ऐकावा लागतो समोरच्या गच्चीवरच्या जोडप्याला. दोघंही संगणकावर काम करतात. शनिवारी पिशवी येते, रविवारी कुंडी भरते, हात धुऊन दोघं कॉफी प्यायला मोकळे. अण्णा कठड्यावरून बघतात आणि त्यांना सोसवत नाही. "त्यात निम्मा कोकोपीट असतोय बघ. नारळाचा भुसा. त्यात जेवण काय आहे? धर्मशाळा आहे ती, राहायची सोय, खायची नाही."

आणि अण्णांचं चुकत नाही. कोकोपीट पाणी छान धरतं, हवा खेळती ठेवतं, पण त्यात अन्न जवळजवळ नसतं. नीट धुतलेलं नसेल तर क्षार मात्र असतात. पिशवीत घातलेलं गांडूळखत दोन-तीन महिन्यांत संपतं आणि पानं पिवळी पडायला लागतात. मग पिशवीवाले दुसरी पिशवी आणतात. पण दुसरी बाजूही खरी आहे. पिशवी हलकी असते. अण्णांची ओली माती भरलेला पिंप चौघांना हलत नाही, आणि खालच्या खोलीच्या छतावर जो ओलीचा नकाशा उमटलाय त्यात काकूंना दरवर्षी नवा तालुका दिसतो. शिवाय बेळगावचा पाऊस. याला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते उगीच नाही. जुलैत पंधरा-पंधरा दिवस नुसती झिमझिम, ऊन म्हणून नाही. त्यात निपाणीचा भाग जरा जास्त पडला की कुंडीतली वीट होते. कुंडीच्या तळाशी खापऱ्या घातल्या की पाणी निथळतं, हे अण्णांचं ठाम मत. ते मला मुळीच पटत नाही. माती जिथं संपते तिथं पाणी उलट थबकतं, खापऱ्यांनी फक्त मुळांची जागा जाते. पण हे अण्णांना कोण सांगणार? एकदा सांगितलं तर त्यांनी सबंध कुंडी माझ्यासमोर उपडी केली आणि परत भरायला मलाच लावली.

आता एक आतली गोष्ट. अण्णांच्या जिन्याखाली, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यामागे, कोकोपीटच्या पाच किलोच्या विटा असतात. रात्री बादलीत भिजतात, सकाळी मिश्रणात गेलेल्या असतात. विचारलं तर म्हणतात, "ते काथ्याचं पीठ. कोकणातनं आणवलंय." आणवलंय म्हणजे विकत घेतलेलं नाही.

निपाणीच्या मातीबरोबर निपाणीची आणखी एक वस्तू गच्चीवर येते. तंबाखूचा चुरा. निपाणी म्हणजे विडीचा तंबाखू, वखारी आणि विड्या वळणाऱ्या बाया. 1981 साली शेतकरी नेते शरद जोशींच्या पाठोपाठ तंबाखूचे शेतकरी तिथं महामार्गावर बसले होते. शेवटी गोळीबार झाला, माणसं गेली. आमच्यापैकी एक अण्णा तेव्हा पंचविशीत होते आणि त्या रस्त्यावर होते. त्याबद्दल ते बोलत नाहीत. मातीबद्दल मात्र रात्रीचे अकरा वाजेपर्यंत बोलतात.

तर चुरा. किडीला तंबाखूचं पाणी मारणं हा जुना उपाय, आणि मावा मरतो हे खरंच. पण तंबाखू, टोमॅटो, मिरची, वांगी हे एकाच कुळातले भाऊबंद. तंबाखूचा मोझॅक रोग वाळक्या पानातसुद्धा जिवंत राहतो आणि चुऱ्यातून, हातातून टोमॅटोवर जातो. अण्णांच्या टोमॅटोची पानं एका वर्षी चितकबरी झाली, आखडली, फळ सुपारीएवढं राहिलं. शेतकी खात्यात नोकरी केलेल्या शेजाऱ्यानं कारण सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जात वेगळी आहे ती. चेरी टोमॅटो."

सगळ्यात गाजलं ते अंबाडीचं प्रकरण. काकूंना पुंडीची भाजी लागते. आमच्याकडे अंबाडीला पुंडी म्हणतात, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर ती नसेल तर उत्तर कर्नाटकातलं जेवण अपुरं. अण्णांनी ओळीनं कुंड्या लावल्या. माती अशी काही जमली की झाडं पुरुषभर झाली. अंबाडीचं वरचं पान बोटांसारखं फाटलेलं असतं, कडेला बारीक दाते. लांबून बघणाऱ्याला गांजाच वाटावा. शास्त्रज्ञांनाही वाटला असणार, त्यांनी तिच्या नावातच कॅनाबिनस घालून ठेवलंय. समोरच्या जोडप्याकडे आलेल्या पाहुण्याला हे झाड ओळखीचं वाटलं. कसं, ते कुणी विचारलं नाही. बातमी गल्लीत फिरली आणि एका दुपारी हवालदार जिना चढून वर आले.

प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं गांजाचं झाड लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे. शेतात लावा नाही तर कुंडीत, कायद्याला माती कुठली हे बघायचं नसतं. निपाणीच्या शिवारात तंबाखू एकरांनी उभा असतो, त्याला कुणी जिना चढून विचारत नाही. ते असो. अण्णा घाबरले नाहीत, कारण त्यांना वाटलं हवालदार माती बघायला आलेत. त्यांनी खानापूरपासून सुरुवात केली. हवालदार गोकाककडचे. त्यांनी एक पान तोडलं, तोंडात टाकलं, आंबट लागल्याबरोबर चेहरा उजळला. "इदु पुंडी री!" मग अण्णांनी त्यांना फरक शिकवला. गांजाचं प्रत्येक बोट देठापर्यंत सुटं असतं, ते पानच वेगवेगळ्या पात्यांचं. अंबाडीचं पान एकच, नुसतं खोल फाटलेलं. फूल पिवळट, मधे जांभळा डोळा. हवालदार दोन जुड्या घेऊन उतरले. त्यानंतर कितीतरी दिवस अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "लोकांना साधं पान ओळखता येईना रे. नजर पाहिजे."

या नजरेची परीक्षा पुढं झाली. अण्णांचा भाचा कोलोरॅडोत डेन्व्हरला असतो. 2012 च्या मतदानानंतर त्या राज्यात एकवीस वर्षं पुरी झालेल्या माणसाला घरी बंदिस्त जागेत गांजाची सहा झाडं लावायची मुभा आहे. अण्णांना ही माहिती असण्याचं कारण नाही. एका रविवारी व्हिडिओवर भाच्यानं विचारलं, "मामा, एक औषधी झाड कुंडीत लावायलोय. सेंद्रियच पाहिजे. तयार पिशवी आणू की माती घरी करू?"

अण्णांना आजवर हा प्रश्न कुणी आपणहून विचारला नव्हता. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"तुमच्याकडची माती कसली?"

"चिकट आहे मामा. वाळली की फुटते."

"निपाणी! लाल मिळते काय?"

"डोंगराकडे लाल खडक आहेत."

"खानापूर! अरे मग पिशवी कशाला?"

तास गेला. पाचोळा, पेंडी, अंड्याची टरफलं, निथळणं, सगळं झालं. भाचा लिहून घेत होता. इतका आज्ञाधारक तो लहानपणी कधीच नव्हता, असं काकू नंतर म्हणाल्या.

पावसाळा संपता संपता त्याचा फोटो आला. मी तिथंच होतो. अण्णांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, बोटांनी चित्र मोठं केलं. पान टवटवीत, काळपट हिरवं. सात पाती, प्रत्येक देठापर्यंत सुटं.

"अंबाडी!" अण्णा गरजले. "बघा, माझ्या मातीत अमेरिकेत पुंडी आली!"

लगेच व्हिडिओ लावला गेला. पलीकडे भाचा अवघडून बसलेला. काकूंनी फोन घेतला. "कोवळी पानं घे रे. तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजव, हिरवी मिरची सढळ, वरनं लसणीची फोडणी. तेल जास्त पाहिजे हां."

"हो मामी," भाचा म्हणाला.

"आणि सगळी खुडू नकोस," अण्णांनी फोन परत ओढून घेतला. "एक झाड बियाला सोड. दिवाळीत येशील तेव्हा मूठभर बी घेऊन ये. माती तयार ठेवतो."