लाल इंजेक्शनचे जाणकार

करमाळ्यात हातापायाला मुंग्या आल्या, की आधी जाणकार गाठ पडतात, डॉक्टर नंतर. चहाच्या टपरीवर नुसतं "बी-ट्वेल्व्ह कमी निघालं" म्हणा, ग्लास हातात येईपर्यंत उपचार ठरलेला असतो. एक म्हणतो, मटकी भिजत घाल. दुसरा शेवग्यावर अडून बसतो. तिसऱ्याची कंदरला केळीची बाग. त्याच्या मते या जीवनसत्त्वाचा उगमच केळीत. आखातात माल जातो, तो काय उगाच? चौथ्याच्या पिशवीत स्पिरुलिनाच्या हिरव्या गोळ्यांचा डबा असतो. तीन सभासद जोडलेत तर डब्यावर सूट.

केळी बिचारी निर्दोष. तिच्यात बी-१२ नसतं. मटकीत नाही, शेवग्यातही नाही. हे जीवनसत्त्व ना झाड बनवतं, ना जनावर. बनवतात ते सूक्ष्मजंतू. आपल्याला मिळतं दूध, दही, अंडी, मासे, मटणातून. स्पिरुलिनात सापडतं ते बहुतांशी तोतया, शरीराला न चालणारं. डब्याचा रंग तेवढा अस्सल.

बरं, खरी माहिती काही सातासमुद्रापार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३पासून जवळपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. सुमारे दोन तृतीयांश जणींत बी-१२ कमी. ज्यांच्यात फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्सुलिनला सगळ्यात जास्त विरोध दिसला. हे २००८ साली छापून आलं. पण त्याखाली "अकरा जणांना पाठवा" लिहिलेलं नव्हतं, वर देवीचा फोटोही नव्हता. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात ते यायचं कसं?

बी-१२च्या लाल इंजेक्शनवर मात्र गावाचं एकमत. थकवा? लाल मारा. कंबर? लाल. पोराची दहावी? लालच! तो रंग रक्ताचा नव्हे, कोबाल्ट असलेल्या रेणूचा. कमतरता खरी असेल, तर हेच इंजेक्शन उत्तम काम करतं. नसेल, तर जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, पैशांसकट.

आता एक फुकटची गोष्ट. साखरेसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं. घरात कुणाची ही गोळी चालू असेल, तर पुढच्या खेपेला तपासणीचं डॉक्टरांना विचारा. टपरीवर नको.