रिचार्ज संपेपर्यंत

घरातला संवाद वाढावा म्हणून दहावीनंतर मुलाला फोन घेऊन देतात, आणि त्या दिवसापासून तो फोनवर बोलायचा बंद होतो. कॉलला पैसे पडायचे तेव्हा एका मिस्ड कॉलमध्ये 'पोचलो, काळजी नको' एवढं सगळं मावायचं. 2016 मध्ये जिओ आलं, बोलणं फुकट झालं आणि कॉल उचलणं महाग.

मग आईची सगळी भिस्त निळ्या टिकांवर. व्हॉट्सॲपने त्या 2014 साली आणल्या. चिरंजीवांनी सेटिंगमध्ये जाऊन घालवल्या. पण ग्रुपवर मेसेज वाचल्याचं लपवता येत नाही, ही विद्या मावशीकडून मिळाल्यापासून आई 'कुठे आहेस? डबा खाल्लास का?' हे थेट घरच्या ग्रुपवरच विचारते. तिथे उत्तरं येतात. काकांचं येतं, आत्याचं येतं, सांगलीहून आजोबांचा अंगठाही येतो. (आजोबांनी डबा खाल्ला असावा.) चिरंजीवांनी ग्रुप म्यूट केलाय.

बाबा काहीच विचारत नाहीत. ते फक्त महिन्याचा रिचार्ज करायला विसरतात. दुसऱ्याच दिवशी मित्राच्या फोनवरून कॉल येतो, "बाबा, जेवलात का?"