अर्धी पोथी

(चकलांबा. श्रावणातली संध्याकाळ. मारुतीच्या पारावर पाट मांडलाय, नवनाथांची पोथी सोडून ठेवलीय. ऐकणारी माणसं अजून यायचीत.)

पुण्यावाला : आबा, पहिली पन्नास पानं नेट लावून वाचा. मग पुस्तकच तुम्हाला सोडत नाही.

पोथीवाला : ते खरं. पण संपलंय का?

पुण्यावाला : काय?

पोथीवाला : पुस्तक. लिहिणाऱ्यानं लिहून संपवलंय का?

पुण्यावाला : तसं... सात भागांचं आहे. पाच आलेत.

पोथीवाला : पाचवा कधी आला?

पुण्यावाला : 2011 ला.

पोथीवाला : तवा तू कितवीला होतास?

पुण्यावाला : सहावीला. पण आबा, लेखक केवढा आहे! जॉर्ज आर. आर. मार्टिन. त्यावर 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिका निघाली, जगभर गाजली. पहिला भाग 1996 चा. सुरुवातीला तिघांतच उरकायचं होतं त्याला.

पोथीवाला : तिनाचे सात झाले. आन् सातातले पाच. बांधाचा दावा म्हणायचा का पुस्तक? आरं, हा पारायणाला बसून मधूनच उठला की! ऐकणारा उठला तर समजतं, त्याच्या घरी म्हैस व्यायली आसंल. इथं सांगणाराच उठला!

पुण्यावाला : तो लिहितोय अजून.

पोथीवाला : बाधा झाली आसंल. दुसरं सांग.

पुण्यावाला : दुसरं पॅट्रिक रॉथफसचं. हे तर फक्त तीनच भाग. भाषा अशी की वाचताना थांबावंसं वाटतं. पहिला 2007 ला आला, दुसरा 2011 ला...

पोथीवाला : आन् तिसरा?

पुण्यावाला : यायचाय.

पोथीवाला : हाबी 2011 लाच उठला? काय झालं होतं रे 2011 ला? साथ आली होती का तिकडं?

पुण्यावाला : तुम्हाला थट्टा सुचतेय. बरं, हे घ्या. रॉबर्ट जॉर्डन. चौदा भाग, आणि संपलेत.

पोथीवाला : चौदाच्या चौदा? हा गडी कामाचा. जिता हाये का?

पुण्यावाला : नाही. 2007 ला वारला.

पोथीवाला : संपवून वारला?

पुण्यावाला : तसं नाही. त्याने टिपणं ठेवली होती. शेवटचे तीन भाग ब्रँडन सँडरसनने त्यावरून लिहिले. 2013 ला पुरं झालं.

पोथीवाला : बघ! मेलेल्याची पोथी पुरी झाली आन् जित्यांच्या दोन पडून हायेत. ह्या जॉर्डनबाबाचं नाव लिहून ठेव. मला इंग्रजी येत न्हाई, पण माणूस पटला.

पुण्यावाला : शेवटावर काय असतं, आबा? आत केवढं जग असतं ते तर ऐका. पहिल्याच पानावर नकाशा असतो. डोंगर, नद्या, राज्यं, सगळं लेखकाने मनाने केलेलं.

पोथीवाला : नकाशा कशाला लागतो? नवनाथातला कानिफनाथ मढीला हाये, आपण होळीला जातो. तिथं गाढवांचा बाजार भरतो. मच्छिंद्रनाथ आष्टी तालुक्यात मायंब्याला. गहिनीनाथगड पाटोद्याकडं. आन् राक्षस म्हणशील तर राक्षसभुवन आपल्याच गेवराई तालुक्यात हाये. गोदावरीच्या काठाला. 1763 ला पेशव्यानं निजामाला तिथंच लोळवलं.

पुण्यावाला : म्हणजे तुमचं म्हणणं, आपल्याकडे हे सगळं आधीच होतं.

पोथीवाला : आजिबात न्हाई! ते कीर्तनातल्या माईकवाल्याचं म्हणणं. विमान आमचं, अणुबॉम्ब आमचा. मपलं म्हणणं निराळंय. जादू तुझ्याकडं हाये, मपल्याकडंबी हाये. गोरखनाथानं चिखलाचं पोरगं केलं, त्याचा गहिनीनाथ झाला. गोपीचंदानं जालिंदरनाथाला खड्ड्यात घालून वरून लीद लोटली, तरी बाबा आत जिता. हे तुझ्या मार्टिनला सुचलं आसतं तर त्यानं जालिंदराला खड्ड्यातच ठिवलं आसतं आन् म्हणला आसता, पुढच्या भागात काढतो. मालू कवीनं काढला. चाळीस अध्याय लिहिले, शके 1741 ला हातावेगळे केले. चाळीसाव्यात तर कुठल्या अध्यायानं कुठली पीडा जाते त्याची यादीसुद्धा दिली. पहिल्यानं समंधबाधा जाते. तुझ्या पाच भागांनी काय जातं?

पुण्यावाला : झोप.

पोथीवाला : हे मातर खरं बोललास.

पुण्यावाला : मीही एक खरं विचारतो. तुम्ही दर श्रावणात तीच पोथी वाचता. अर्धी सोडली तर वाईट होईल म्हणून पुरी करता. ह्याला वाचन म्हणत नाहीत आबा. ह्याला हप्ता भरणं म्हणतात.

पोथीवाला : (चष्मा पुसत) हप्ता तर हप्ता. थकलेला तर न्हाई ना? बरं, पोथी सोड. 'चांदोबा' घे. मराठीत तो 1952 पासून निघायचा. आमच्या गुरुजींकडं यायचा, त्यांच्याकडून माझ्याकडं, माझ्याकडून म्हशीच्या गोठ्यात. विक्रम-वेताळ दर महिन्याला. वेताळ झाडावर परत जायचा, पण कवा? गोष्ट पुरी सांगून, प्रश्न घालून, उत्तर ऐकून. भूत आसून त्याला रीत कळत होती.

पुण्यावाला : तुम्ही थांबायला का भिता, तेच मला कळत नाही. अख्खा जिल्हा थांबण्यावर जगतोय! नगर-बीड-परळी रेल्वे 1995 ला मंजूर झाली. बीडला गाडी कधी आली? 2025 च्या सप्टेंबरात. परळीचा भाग अजून बाकीच आहे. तिथं तुम्ही तीस वर्षं गप्प बसलात, आणि एका म्हाताऱ्या लेखकाला पंधरा वर्षं देत नाही!

पोथीवाला : (हसत) हे बाकी वर्मी लागलं. पण रेल्वेला आम्ही 'वाच, लई भारी हाये' म्हणून कुणाच्या गळ्यात मारत न्हवतो. तू चार दिवस झाले, पारावर बसणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायलास. परवा त्या पानवाल्याला सांगितलंस. त्याला वाटलं नवीन स्कीम आली.

पुण्यावाला : पुण्यात अभ्यासिकेत सगळे एकमेकांना विचारतात, सध्या काय वाचतोस. सवय लागते.

पोथीवाला : आन् सगळे काय सांगतात?

पुण्यावाला : हेच. भाग दुसरा, भाग चौथा.

पोथीवाला : शेवटचा कुणीच न्हाई?

पुण्यावाला : आबा, अरबी गोष्टी तुम्हाला माहीत आहेत. चिपळूणकर बाप-लेकांनी आणि दामल्यांनी मराठीत आणल्या त्या. त्यातली वजिराची मुलगी काय करते? गोष्ट अर्धीच ठेवते. संपवली असती तर सकाळी मुंडकं उडालं असतं. अर्धी होती म्हणून जगली.

पोथीवाला : पर शेवटी संपवलीच की. राजा निवळला तवा. मधल्या मधी घोंगडी टाकून झोपली न्हाई. आता राग मानू नको, तुझ्या परीक्षेचं सांग. पूर्व, मुख्य, मुलाखत. तीनच भाग. कितवा चाललाय?

पुण्यावाला : ते नको आता.

पोथीवाला : सहा वर्षं झाली.

पुण्यावाला : माहितीये मला. पूर्व चारदा निघाली. मुख्यला दोनदा दोन-पाच मार्कांनी गेलो. मग आयोगाने 2025 पासून पेपरच वर्णनात्मक केले. एवढी वर्षं पर्याय ओळखायला शिकलो, आता निबंध लिहायचे.

पोथीवाला : म्हंजे लेखकानं मधीच कथा फिरवली.

पुण्यावाला : हसू नका, आबा! सगळ्यालाच काय हसता? दिवसभर पॉलिटी, इकॉनॉमी घोकून रात्री मेसवरून खोलीवर आलो की मी हे वाचतो. त्यात कुठल्यातरी खेड्यातलं पोरगं घर सोडून निघतं आणि कुठंतरी पोचतं.

पोथीवाला : पोचतं कुठं? अडकलंय म्हणलास ना पाचव्यात.

(कुणीच हसत नाही.)

पुण्यावाला : अडकलेलं बरं. अडकलंय तोवर सगळे म्हणतात, पोरगं पुण्याला आहे, तयारी करतंय. दादा कारखान्यावरून पैसे पाठवतो. त्याचा आणि वहिनीचा कोयता आहे, उचल फिटेस्तोवर तोडत राहायचं. संपलं की घरी यायचं. घरी काय आहे? दोन एकर कापूस आणि तुमचा हा प्रश्न.

पोथीवाला : मी आपला पुस्तकाचं इचारत होतो रे.

पुण्यावाला : नाही, तुम्ही पुस्तकाचं विचारत नव्हता.

(पोथीवाला पोथीची पानं उगाच सरळ करतो. दोन-चार माणसं येऊन टेकतात. एक म्हातारी उदबत्ती लावते.)

पोथीवाला : बस इथंच, उठू नको. मोतीबिंदूच्या डोळ्याला बारीक अक्षर दिसत न्हाई. आडलो तर शब्द सांग.

पुण्यावाला : मला ओवी लावता येत नाही.

पोथीवाला : चाल मी लावतो. तू नुसता शब्द सांग.

(वाचन सुरू होतं. अध्याय अर्ध्यावर येतो न येतो तोच लाइट जाते. अंधारात कुणीतरी वीज मंडळाचा उद्धार करतं.)

पोथीवाला : तुझा मोबाइल लाव बरं. बॅटरी धर ह्या पानावर.

पुण्यावाला : आबा, चार टक्के राहिलेत. दुपारभर वाचत बसलो होतो.

पोथीवाला : मपल्या ऐंशी ओव्या राहिल्यात.

पुण्यावाला : पुरणार नाही.

पोथीवाला : म्या पळवतो. तू बोटानं ओळ दाखव. हात हलवू नको... आरं वरची न्हाई, खालची, खालची!