कोंबड्या रात्री मोजाव्यात

बँकेत मी ३४ वर्षं काढली, त्यातली निम्म्याहून अधिक शेतीकर्जाच्या खात्यात. एवढ्या नोकरीत पक्कं शिकलो ते एकच: पोल्ट्रीचं इन्स्पेक्शन रात्री करावं. दिवसा गेलात तर शेडमधल्या निम्म्या कोंबड्या पाहुण्या असतात. त्या शेजाऱ्याकडून टेम्पोतून येतात, साहेबाला तोंड दाखवतात आणि साहेबाचा चहा होईपर्यंत पुढच्या कर्जदाराच्या शेडमध्ये हजर होतात. एक लंगडी कोंबडी मला एकाच दिवशी तीन गावांत भेटली होती. तिसऱ्या गावात तिनेही मला ओळखलं, असं मला अजून वाटतं.

हे आठवायचं कारण असं की माझ्या भाचीला पायलट व्हायचंय.

बारावीला तिचं फिजिक्स आणि गणित होतं, त्यामुळे दार उघडंच होतं. दाजींचा सांगलीत हळदीचा व्यापार. त्यांनी मुलीचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि खर्च विचारला. कमर्शियल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि सगळं मिळून आकडा पन्नास लाखांच्या आसपास जातो, हे कळल्यावर त्यांनी कॅलक्युलेटर मागवला. आधी तासाला किती पडतात ते काढलं, मग त्याची हळद किती क्विंटल होते ते काढलं. मग कॅलक्युलेटर उपडा ठेवून म्हणाले, "विमानातलं आपल्यात कुणाला काय कळतंय? मामा कर्जखात्यात होते. मामांना घेऊन जा."

ट्रॅक्टर, म्हैस आणि ठिबक सिंचन तपासलेल्या माणसाला विमान तपासता येतं, ही दाजींची श्रद्धा. मला कुणी विचारलंच नाही. मामा ही संस्था विचारून चालत नाही.

पहिल्या उड्डाणशाळेचं माहितीपत्रक इतकं गुळगुळीत होतं की ते हातातून दोनदा निसटलं. आत सहा विमानांचे सहा फोटो. सूर्योदयाला एक, सूर्यास्ताला एक, एक ढगांत, एकापुढे हाताची घडी घातलेली मुलगी. भारतातल्या विमानांच्या अंगावरचा नोंदणी क्रमांक 'व्हीटी' या अक्षरांनी सुरू होतो. मुंबईत उमेदवारी केलेल्या माझ्यासारख्याला व्हीटी म्हणजे स्टेशन, म्हणून माझं लक्ष तिथे गेलं आणि पुढची तीन अक्षरंही आपसूक वाचली गेली. सहाही फोटोंत तीच! सहा विमानं नव्हतीच, एकाच विमानाचे सहा कोनांतून काढलेले फोटो होते. मी भाचीच्या कानात म्हटलं, "लंगडी कोंबडी."

तिथलं ऑफिस थंडगार होतं. पांढरा शर्ट आणि खांद्यावर सोनेरी पट्ट्या नाहीत असा माणूस दिसेना. चहा घेऊन आलेल्या पोराच्या खांद्यावरसुद्धा दोन होत्या. संचालकांनी आम्हाला गणवेशाचं कापड दाखवलं, मेसचा मेन्यू दाखवला, सिम्युलेटरची खोली दाखवली. तिची किल्ली नेमकी घरी गेलेल्या माणसाकडे होती. हँगर दाखवताना मात्र त्यांची चाल वाढली. आत पाच विमानं उभी होती. एकाला इंजिन नव्हतं. "ओव्हरहॉलला गेलंय." कधी? "येईलच." दुसऱ्याची चाकं बसलेली आणि पंखाच्या बेचक्यात साळुंकीचं घरटं, त्यातली पिल्लं उडण्याच्या बेतात. त्या हँगरमध्ये उड्डाणाची तयारी एवढीच दिसली.

विद्यार्थी किती, या प्रश्नाला "मर्यादित" असं उत्तर मिळालं. मी बाथरूमच्या निमित्ताने हॉस्टेलकडे गेलो आणि दाराबाहेरच्या चपला मोजल्या. ६२ जोड. दुसऱ्या दिवशी पहाटे, न सांगता, आम्ही पुन्हा गेलो. कोंबड्यांना जशी रात्र, तशी विमानांना पहाट. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवा उठते आणि छोटं विमान खड्ड्यातून चालल्यासारखं हिंदकळतं, म्हणून नवशिक्यांना सकाळीच उडवतात. सहा वाजले, साडेसहा वाजले. हँगरला कुलूप होतं. वॉचमन दात घासत होता. त्याने चूळ भरून विचारलं, "कुणाचं ॲडमिशन?"

दुसरा एक क्लब होता. माहितीपत्रक नाही, एक झेरॉक्स कागद. ऑफिसात कुरकुरणारा पंखा. हँगरमध्ये चार विमानं, त्यातलं एक सोलून ठेवलेलं. इंजिनाची झाकणं काढलेली, सीटा बाहेर, तारा लोंबतायत. मी मनातल्या मनात रिपोर्टवर फुली मारली. तेवढ्यात कोपरापर्यंत काळे हात झालेले एक मेकॅनिक त्या विमानाच्या पोटाखालून बाहेर आले. मी जरा खवचटपणेच विचारलं, "बिघडलंय का?"

"उडतंय म्हणून उघडलंय साहेब," ते म्हणाले. "पन्नास तास झाले की तपासणी, शंभर तास झाले की मोठी तपासणी. जे उडतच नाही त्याला कशाला कोण उघडतंय?"

पहिल्या शाळेतली बाकीची तीन विमानं किती लख्ख पुसलेली होती, ते मला तेव्हा आठवलं. मी फुली खोडली.

त्या मेकॅनिकनेच मला प्रश्न शिकवले. विमानं किती हे विचारू नका, आज सकाळी किती उडाली ते विचारा. एका विमानामागे विद्यार्थी किती, शिकवणारे किती, आणि मागच्या बॅचचे २०० तास किती महिन्यांत झाले, ते विचारा. पावसाळ्यात काय करता ते विचारा. पैसे एकदम मागतात की टप्प्याने, तेही. हा शेवटचा प्रश्न मला आधीपासून माहीत होता, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकून बरं वाटलं. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी खातं, २०२५ पासून उड्डाणशाळांना श्रेणी देतं. ती जरूर बघावी. पण चपलाही मोजाव्यात.

क्लबचे मुख्य प्रशिक्षक म्हणाले, "पैसे भरू नका. आधी तिला अर्धा तास वर नेतो. काहींना वर गेल्यावर कळतं की आपल्याला विमान आवडतं ते खालूनच." भाची गेली. उतरली तेव्हा काहीच बोलेना. नुसती हसत होती, आणि तिचा पाण्याचा घोट दोनदा हनुवटीवरून ओघळला. प्रकरण मंजूर करायला मला तेवढं पुरेसं होतं. दाजींना फोन लावला. ते म्हणाले, "ती पोरगी आहे, तिला रंकाळ्यातली होडीपण आवडती. तुम्ही बसून बघा. गाडी घेताना टेस्ट ड्राइव्ह घेतो की नाही?"

मी माझं वय सांगितलं. तेव्हा भाचीने जेआरडी काढले. तिच्या खोलीत त्यांचा फोटो आहे. १९२९ साली देशातलं पहिल्या क्रमांकाचं वैमानिक लायसन्स त्यांना मिळालं, १९३२ साली कराचीहून टपाल घेऊन त्यांनी जुहूला विमान उतरवलं आणि १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, तोच प्रवास पुन्हा केला. "आणि मामा, तुम्ही फक्त ६३ वर्षांचे आहात." मी म्हटलं, जेआरडींनी चोविसाव्या वर्षापासून सराव ठेवला होता. माझा सराव एसटीचा. पण तोवर क्लबातल्या पोराने वजनकाटा आणला होता.

छोट्या विमानात वजनाचा हिशेब सोनारासारखा करतात. मी ७८ सांगितलं, गेली दहा वर्षं सगळ्या फॉर्मवर तेच लिहितोय. काट्याने ८६ सांगितलं. ताईने दिलेला शंकरपाळ्यांचा डबा मी मुकाट्याने टेबलावर काढून ठेवला. वजन कमी करायची माझ्यापुरती तेवढीच सोय होती.

विमान होतं सेसना १७२, चार सीटांचं. १९५५ साली पहिल्यांदा उडालेलं हे मॉडेल ४० हजारांवर बनलंय आणि जगभरची पोरं त्याच्यावर शिकतात. दार मात्र रिक्षाच्या पत्र्याइतकं पातळ, आणि लावताना आवाजही तसाच. शिकवणारी मुलगी पंचविशीची, वऱ्हाडातली. तिने आधी मला विमानाभोवती प्रदक्षिणा घालायला लावली. तेलाची पट्टी बुडवून पाहिली, पंखाच्या पट्ट्या हाताने हलवून पाहिल्या. मग पंखाखालून एका पारदर्शक पेल्यात थोडं पेट्रोल काढून उजेडात धरलं. पाणी असेल तर तळाशी बसतं. पेट्रोल निळं होतं. मी म्हटलं, "हे तर रेशनचं रॉकेल." ती हसली नाही. तिच्या पिढीने रेशनच्या दुकानात डबा घेऊन रांग लावलेली नाही.

शिकणाऱ्याने डावीकडे बसायचं. भाची मागच्या सीटवर, मोबाइल काढून तयार. इंजिन सुरू झालं, शिकवणारी म्हणाली, "चला काका, घ्या." मी समोरचं स्टिअरिंग उजवीकडे वळवलं. विमान डावीकडे चाललं. पूर्ण उजवीकडे वळवलं. विमान शांतपणे गवताच्या दिशेने निघालं. जमिनीवर विमान पायाने वळवतात, हातातल्या त्या गोष्टीचा तिथे काही उपयोग नाही, हे मला सांगितलं होतं. पण चाळीस वर्षं स्कूटर चालवलेल्या हाताला कोण समजावणार? हार्मोनियम शिकायला जावं आणि शिवणयंत्रावर बसवावं तशी माझी गत झाली. धावपट्टीच्या तोंडाशी जाईतो आम्ही जी रेघ मारली ती पाहून मागून भाची म्हणाली, "मामा, सही करताय का?"

धावपट्टीवर दोन कुत्री होती. जीप येऊन त्यांना हाकलेपर्यंत थांबलो. उड्डाणाचा वेळ विमान हवेत गेल्यापासून नाही, चाकांचे ठोकळे काढून ते हलल्यापासून मोजतात. म्हणजे ती कुत्री माझ्या मीटरवर बसली होती. त्यातलं एक जाता जाता खांबापाशी थांबलं तेव्हा माझा जीव तुटला.

मग शिकवणारीने थ्रॉटल पुढे केला. विमानाला डावीकडे जायची ओढ असते, ती उजव्या पायाने आवरायची. "उजवा पाय काका! उजवा! तो दुसरा!" काटा ५५ नॉट्सवर आला आणि चाकांचा खडखडाट एकदम थांबला. ५५ नॉट्स म्हणजे ताशी शंभरेक किलोमीटर. एवढ्या वेगाला सेसना हवेत जाते. आमच्या सांगली–पुणे ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर याहून जास्त वेगात जमिनीवर राहून दाखवतो, हे कौशल्य मोठं की ते, हे मला वर जाताना ठरवता येईना.

तीन हजार फुटांवर ती म्हणाली, "यू हॅव कंट्रोल." नियमाप्रमाणे मी "आय हॅव कंट्रोल" म्हणालो. माझ्या आयुष्यातलं सर्वांत धडधडीत खोटं विधान. मी स्टिअरिंग आवळून धरलं. नाक वर गेलं, मी दाबलं. खाली गेलं, मी ओढलं. विमान समुद्रातल्या होडीसारखं डोलू लागलं आणि मागून भाचीचा मोबाइल खाली पडल्याचा आवाज आला.

"काहून एवढं दाबून राहिले काका? सोडा बरं हात."

"सोडू?"

"सोडा ना. दोन्ही. मांडीवर ठेवा."

मी सोडले. तिने मधलं एक छोटं चाक बोटभर फिरवलं. विमानाने दोनदा मान हलवली आणि ते सरळ, स्वतःच्या मर्जीने, क्षितिजाकडे चालू लागलं. ती म्हणाली, "तिले येते उडता. आपण फक्त मधात नाही यायचं."

मी खाली पाहिलं. या तालुक्यात मी तीन वर्षं शाखाधिकारी होतो. ऊस, ऊस, द्राक्षं, ऊस. शेततळी आरशाच्या तुकड्यांसारखी चमकत होती. आणि ओढ्याच्या वळणावर, जिथे मी स्वतः ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्याचं कर्ज मंजूर केलं होतं, तिथे मक्याचं हिरवंगार पीक डोलत होतं. फोटो दाखवला होता मला. बहुधा लंगड्या तळ्याचा असणार.

"इंजिन बंद पडलं तर?" मी विचारलं. हा प्रश्न दाजींनी लिहून दिला होता. तिने उत्तर न देता थ्रॉटल मागे ओढला. आवाज बसला, पोटात काहीतरी हललं, आणि नाक किंचित झुकवून विमान घारीसारखं तरंगत राहिलं. एवढ्या उंचीवरून ते आठेक किलोमीटर जाईल, तेवढ्यात शेत शोधायचं, म्हणाली. मी लगेच पड जमीन शोधू लागलो. उसात उतरायचं नव्हतं मला. फडाची नुकसानभरपाई मागायला शेतकरी बँकेतच येतो.

उतरवलं तिनेच. माझे हात मांडीवर होते, पाय सीटखाली. पावतीवर अर्धा तास लिहिला होता, त्यातली सात मिनिटं कुत्र्यांची.

रात्री दाजींना फोनवर रिपोर्ट दिला: तारण प्रत्यक्ष पाहिलं, चालू स्थितीत आहे. कर्जदार योग्य. कर्जदाराच्या वडिलांनी वारंवार तपासणीला येऊ नये, ही मंजुरीची अट. ताई मागून म्हणाली, "डबा परत आणलास का?" डबा क्लबातच राहिला होता. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकचा फोन आला, शंकरपाळे खुसखुशीत होते म्हणून.

दाजींनी पहिला हप्ता भरला. भाचीचे २०० पैकी ११ तास झालेत. सध्या जून लागलाय. सांगलीत सगळे पावसाची वाट बघतायत, आणि उभा जन्म हळदीच्या धंद्यात गेलेले आमचे दाजी रोज सकाळी गच्चीवर जाऊन आभाळाकडे बघतात आणि म्हणतात, अजून आठ दिवस नको.